मिरजेतल्या फिजिशियनकडचा आमचा अनुभव (४ स्टार, एक स्टार वेटिंगचा कापलाय)

आम्ही तासगाव साईडचे, पेशंट म्हणजे आई, वय ६३, माळकरी, त्यामुळं मटण-अंडी कधीच नाही आणि दूध म्हणाल तर चहापुरतं. वर्षभर काय काय चाललेलं, पायाला मुंग्या, जीभ एवढी हुळहुळी की ठेचा सोडा साधी आमटी पण झोंबायची, बोटांच्या पेरांवर काळे डाग पडलेले ते आम्ही भांड्याच्या पावडरीनं पडले म्हणून सोडून दिलेले. आणि पायातली चप्पल निसटून मागं राहायची तरी तिला कळायचं नाही, अनवाणी चार पावलं पुढं!

आधी दोन-तीन दवाखाने झाले (नावं घेत नाही). एकानं मानेचा एक्सरे काढून पट्टा दिला, एकानं चक्करच्या गोळ्या, एकानं रक्त कमी म्हणून टॉनिक. चुलती तर म्हणाली बाहेरचं काहीतरी आहे, देवर्षी बघा. शेवटी पाव्हण्यांनी मिरजेचं सुचवलं. मिरज म्हणजे १८९४ ला वानलेस हॉस्पिटल झालं तेव्हापासून दवाखान्याचंच गाव, त्यामुळं तिथं गेलो.

नंबर लागायला साडेतीन तास. बसायला बाकडी कमी, पंखा एकच आणि तो पण रिसेप्शनवर. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि आईला विचारलं, "मावशी, तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो का?" आई म्हणाली, "व्हय की, पण तुमाला कुणी सांगितलं?" मला पण माहीत नव्हतं, मोरीतल्या भिंतीला हात लावून तोंड धुवायची म्हणे. मग नसा तपासायला शाळेच्या लॅबमधला तो ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्यावर ठेवला, काही नाही, घोट्यावर काही नाही, गुडघ्यावर ठेवल्यावर म्हणाली आता थरथरतंय.

मग गोळ्यांच्या पट्ट्या मागितल्या. शुगरची मेटफॉर्मिन ९ वर्षं आणि ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी, दोन्ही लय वर्षं घेतल्या की बी-१२ व्हिटॅमिन अंगात कमी शोषलं जातं, त्यात ते भाजी-भाकरीत नसतंच. जुन्याच रिपोर्टवर एमसीव्ही ११२ छापलेला, नॉर्मल १०० पर्यंत, म्हणजे रक्तातल्या पेशी फुगलेल्या, पण सगळ्यांनी नुसतं हिमोग्लोबिन बघितलेलं. बरं टॉनिकात फॉलिक ॲसिड होतं, त्यानं रक्त सुधारल्यासारखं दिसतं पण बी-१२ नसलं तर नसा आतल्या आत खराब होतच राहतात. टेस्ट केली, बी-१२ ११८ आलं, २०० च्या खाली कमीच धरतात. पेरांवरचे डाग पण त्याचेच निघाले, आणि आम्ही पावडर बदलत बसलेलो.

एमआरआय लगेच नको म्हणाले, आधी इंजेक्शन. ते लालभडक असतं, आई घाबरली रक्तच टोचतायत म्हणून. आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्याला एक, आता महिन्याला एक गावातच घेतो. जीभ पंधरा दिवसात बरी झाली, डाग फिके पडलेत. मुंग्या अजून आहेत, नसांना वेळ लागतो आणि थोडं कायमचं राहू पण शकतं हे त्यांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलेलं.

फी ५००, रिसीट मागावी लागते. जाणार असाल तर आठच्या आत नंबर लावा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आणि गाडी लांब लावा, दारात जागाच नाही.