वाईच्या घाटांवर रिको जीआर ३ : काही महिने रोज वापरल्यानंतर

रस्त्यावरची फोटोग्राफी शिकायची तर मोठं शहर हवं, असं बरेच जण सांगतात. मला हे पटत नाही. मी वाईतच शिकतोय आणि त्यासाठीच रिको जीआर ३ हा खिशात मावणारा छोटा कॅमेरा घेतला. दिवाळीपासून तो रोज खिशात असतो. बॅटरी आणि मेमरी कार्डासकट वजन २५७ ग्रॅम, लेन्स एकच, २८ मिमीची, म्हणजे बरंच रुंद दृश्य पकडणारी. झूम नाही, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडरही नाही.

२८ मिमीला माणसाच्या जवळ जावं लागतं, आणि गावात जवळ जायचं तर बोलावं लागतं. पुण्यात लक्ष्मी रोडला फोटो काढून गर्दीत नाहीसं होता येतं. इथे मधल्या आळीत काढलेल्या फोटोची बातमी संध्याकाळपर्यंत गणपती आळीत पोचते. मी प्रिंट काढून नेऊन देतो. हळदीच्या आडतीवरच्या हमालांना त्यांचे फोटो दिले, तेव्हापासून तिथे मला बघून कुणी सावरून उभं राहत नाही. माझे सगळ्यात चांगले फोटो तिथलेच आहेत.

या कॅमेऱ्याचा जीव म्हणजे स्नॅप फोकस, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या अंतरावर फोकस. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान, एफ ८ ठेवायचं, अंतर दोन मीटर लावायचं आणि शटर एका दमात पूर्ण दाबायचं. साधारण एक मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं स्पष्ट येतं, फोकस शोधण्यात क्षण जात नाही. कृष्णाबाईच्या उत्सवात, पंगतीत वाढप्यांची धावपळ चालू असताना, हे फार उपयोगी पडलं.

उजेडाचं मात्र शिकून घ्यावं लागतं. घाट काळ्या दगडाचे. १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीसमोरच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्या काळ्याला भुलून फोटो उजळ करतो आणि उन्हातलं पांढरं धोतर पार पांढरंफटक होतं. एक्स्पोजर उणे ०.७ (म्हणजे फोटो थोडा गडद) किंवा उजळ भाग सांभाळणारं हायलाइट मीटरिंग लावलं की दगड दगडासारखा काळा राहतो, धोतराच्या चुण्याही दिसतात.

घाटावर दशक्रिया चालू असेल किंवा बायका स्नान करत असतील, तर कॅमेरा खिशातच ठेवावा. आवाज न करणारा छोटा कॅमेरा हाती आहे म्हणून चोरून फोटो काढणं मला मान्य नाही.

एका चार्जमध्ये कंपनी २०० च्या आसपास फोटो सांगते, तेव्हा जादा बॅटरी घ्याच. पाण्यापासून संरक्षण नाही, म्हणजे वाईच्या पावसाळ्यात तो घरीच. आधी वापरलेला मिळत असेल तर जरूर बघा, फक्त एफ १६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवर धूळ नाही ना, हे तपासून मगच पैसे द्या.