पाकिटावरचे '४५ ग्रॅम' नेमके कुठले? हलक्या स्प्रिंगांचा सात महिन्यांचा अनुभव

मेकॅनिकल कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली स्विच असतो आणि त्यात एक स्प्रिंग. या स्प्रिंगच्या पाकिटावर '४५ ग्रॅम' छापतात, पण हे ४५ कुठे मोजलेत ते छापत नाहीत. सात महिन्यांनंतरही पहिली तक्रार हीच. कोणी बटण नोंदलं जातं तिथलं, म्हणजे साधारण २ मिमीवरचं वजन सांगतो, कोणी ४ मिमी खाली टेकल्यावरचं. चेरी एमएक्स रेड या स्विचमध्ये नोंदीला ४५ लागतात आणि तळाला साठच्या आसपास. म्हणजे 'मूळचेच तर ४५' असं समजून तळाची ४५ वाली स्प्रिंग घातली, तर अक्षर पस्तिशीतच उमटतं आणि विसाव्याला टेकलेलं बोटही टाइप करायला लागतं.

पूर्ण संच उघडण्याआधी एकच स्विच तपासा. स्विच उभा धरून दोन पिनांना मल्टिमीटर लावायचा, स्टेमवर, म्हणजे खाली-वर होणाऱ्या मधल्या दांड्यावर, प्लास्टिकचं झाकण ठेवायचं आणि सिरिंजने थेंबथेंब पाणी सोडायचं. १ मिली म्हणजे १ ग्रॅम. बीप वाजली तो नोंदीचा आकडा, स्टेम टेकला तो तळाचा. झाकणाचं वजन त्यात मिळवायला विसरू नका, आणि हा उद्योग कीबोर्डपासून लांब करा.

बदलणं सोपं आहे, फक्त कंटाळवाणं. स्विच उघडायच्या ओपनरवर दाबलं की वरचं हाउसिंग (कवच) सुटतं. परत बसवताना स्टेमचे दोन पाय धातूच्या लीफकडेच, म्हणजे संपर्क जोडणाऱ्या पातळ पट्टीकडेच हवेत. उलटे गेले तर लीफ मागे ढकलली जात नाही, संपर्क तुटत नाही आणि तेच अक्षर धावत सुटतं. लीफला चिमटा लावू नका. जराशी वाकली तरी एका दाबात दोन अक्षरं. स्प्रिंगांचा टणटण आवाज जायला सगळ्या झिपच्या पिशवीत टाकून १०५ ग्रेडच्या तेलाचे आठ-दहा थेंब घालायचे आणि हलवायचं.

बटणं आळसावून वर येतात म्हणून सुरुवातीला स्प्रिंगांनाच नावं ठेवली होती. ती तक्रार मागे. दोष स्विचमध्ये लावलेल्या २०५जी० ग्रीसचा, म्हणजे ते थापणाऱ्या हाताचा. जुन्या स्प्रिंगांच्या जोरापुढे चिकट ग्रीस कळत नव्हतं. हलकीकडे तेवढा जोरच नाही. रेल्सवरचं, म्हणजे स्टेम सरकतो त्या पट्ट्यांवरचं ग्रीस कोरड्या ब्रशने पुसलं आणि बटणं ताडकन उठायला लागली. रेल नुसती ओलसर दिसावी, पांढरा थर दिसला की जास्त झालं. टॅक्टाइल स्विच (दाबताना मध्येच उंचवटा जाणवतो तो) असेल तर पायांना ग्रीस नकोच, उंचवटा बोथट होतो.

स्पेस, एंटर, बॅकस्पेस आणि दोन्ही शिफ्टना मात्र जुन्याच स्प्रिंगा परत घातल्या. मोठी कॅप, त्यात स्टॅबिलायझरच्या, म्हणजे रुंद बटण सरळ ठेवणाऱ्या तारेचं घर्षण. तळाच्या ४५ ला स्पेसबार अर्ध्यातच रेंगाळतो. तेव्हा काढलेल्या स्प्रिंगा फेकू नका, आणि विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच: आकडा २ मिमीचा की ४ चा?