भाड्याच्या विमानाचा रेंटर्स इन्शुरन्स घेऊन ११ महिने झाले, मधे एक क्लेमही झाला, आता खरं काय ते सांगते

अमेरिकेत सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, यायचं म्हटलं की आपली पोरं व्हिसा विचारतात, मेडिकल विचारतात, लोनचा व्याजदर विचारतात, विम्याचं कुणी विचारत नाही. मीपण विचारलं नव्हतं. फिनिक्सजवळच्या फ्लाइंग स्कूलमध्ये अॅडमिशनच्या वेळी काउंटरवरच्या माणसाने "आमचं सगळं फुल्ली इन्शुअर्ड आहे" असं सांगितलं आणि मी खुश.

बाबा खुश नव्हते. बाबा तासगावात २६ वर्षं विमा एजंट आहेत, एलआयसी तर आहेच, शिवाय गाड्यांचे विमे पण करतात, आमच्याकडे मार्चएंड म्हणजे जेवणाच्या ताटाशेजारी प्रपोजल फॉर्म. त्यांनी स्कूलच्या रेंटल अॅग्रीमेंटचे फोटो मागवले, अॅरिझोना आणि आपल्यात साडेबारा तासांचा फरक, त्यामुळे माझी संध्याकाळ म्हणजे त्यांची पहाट, आणि सकाळच्या पहिल्या चहाच्या आधी फोन. "अगं, फुल्ली इन्शुअर्ड म्हणजे त्यांचं विमान इन्शुअर्ड. यात तुझं नाव कुठंय?"

नव्हतंच. अॅग्रीमेंटमध्ये काय होतं तर विमानाला काही झालं की ५,००० डॉलरपर्यंतचं डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी देत नाही तो पहिला हिस्सा, स्टुडंटने भरायचं, विमान जितके दिवस उभं राहील त्याचं लॉस ऑफ यूज, म्हणजे बुडालेलं भाडं, वेगळं. आणि त्याहून मोठी गोष्ट सबरोगेशन. म्हणजे मी विमानाचं मोठं नुकसान केलं तर स्कूलची विमा कंपनी स्कूलला पैसे देणार आणि मग ते वसूल करायला माझ्या दारात येऊ शकणार. बाबांना हे गाडीच्या क्लेममधून पाठ आहे, मी तो शब्दच पहिल्यांदा ऐकला.

मग हा रेंटर्स इन्शुरन्स घेतला. दुसऱ्याचं विमान भाड्याने उडवणाऱ्याचा विमा. ऑनलाइन फॉर्म, पंधरा मिनिटं, किती तास झाले, मेडिकल कुठलं, आधी काही अपघात वगैरे. माझे तेव्हा फक्त १४ तास झाले होते तरी दिला. वर्षाचे साधारण ३३० डॉलर, म्हणजे सेसना १७२ चं (आम्ही शिकतो ते छोटं विमान) जेमतेम दोन तासांचं भाडं. त्यात दुसऱ्याच्या इजेला आणि मालमत्तेला मिळून २,५०,००० डॉलर, त्यातही एका पॅसेंजरला जास्तीत जास्त २५,०००, आणि भाड्याच्या विमानाच्या नुकसानीला ३०,०००. पहिले पाच महिने पॉलिसी नुसती मेलमध्ये पडून होती. स्कूलला सर्टिफिकेट हवं होतं ते दोन मिनिटांत निघालं, तेवढाच संबंध.

जूनमध्ये क्रॉस कंट्री सोलो, म्हणजे दुसऱ्या एअरपोर्टपर्यंतची एकटीने केलेली फ्लाइट, करून परत आले. साडेअकरा वाजलेत, बाहेर ४३ डिग्री, कॉकपिटमध्ये किती ते विचारू नका, डोक्यात फक्त पाणी. टॅक्सी करत, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत, शेडच्या पार्किंगकडे वळले, उजवीकडे फ्युएल ट्रक उभा, माझं सगळं लक्ष त्या ट्रककडे. १७२ चा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ३६ फूट, हे मी तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलं होतं. डावीकडून 'टॅक्' असा आवाज आला, स्टीलच्या डब्यावर चमचा आपटावा तसा, आणि विमान थोडं डावीकडे फिरलं. शेडचा लोखंडी खांब. इंजिन बंद करून उतरले तर फायबरग्लासची विंगटिप, म्हणजे पंखाचं टोक, चिरलेली आणि तिथल्या डाव्या नॅव लाइटच्या लाल काचेचे तुकडे काँक्रीटवर पसरलेले. मी वेड्यासारखी ते गोळा करत बसले. दोन तुकडे अजून माझ्या हेडसेटच्या पिशवीत आहेत.

आणि इथे मी खरी चूक केली. खांबाची नाही म्हणत, ती तर केलीच होती. मी चीफ इन्स्ट्रक्टरला मेसेज टाकला, सर सगळी चूक माझी, जे काय होईल ते मी भरते. आपल्याकडे याला चांगलं वळण म्हणतात. पॉलिसीत मात्र सरळ लिहिलंय की कंपनीला विचारल्याशिवाय कुठलीही जबाबदारी कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. अॅडजस्टरने, म्हणजे क्लेम तपासणाऱ्या कंपनीच्या माणसाने, फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला, तुम्ही कुणाला काही लेखी दिलंय का? चाळीस मिनिटांचा रेकॉर्डेड कॉल, पिवळ्या लाइनवर होतीस का, स्पीड किती, कुणी पुढे उभं राहून हाताने इशारे करत होतं का, आणि माझं अर्धं लक्ष त्या मेसेजवर. त्याने मेसेज मागवून घेतला, आणि यापुढे काही लिहू नकोस, सगळं माझ्याकडून जाऊ दे म्हणाला. माणूस चांगला निघाला, नाहीतर त्या एका ओळीवर क्लेम अडकला असता असं बाबांचं म्हणणं.

एक गोष्ट मात्र बरी झाली. चीफ इन्स्ट्रक्टरने एनटीएसबीचा (इथे विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) नियम काढून दाखवला, त्यात विमानाचं 'सब्स्टॅन्शियल डॅमेज' कशाला म्हणायचं ते लिहिलंय आणि विंगटिपचं नुकसान त्यातून स्पष्ट वगळलंय. म्हणजे कागदोपत्री हा अॅक्सिडेंट नाहीच. हे कळलं तेव्हा मी पहिल्यांदा नीट जेवले.

आता हिशोब, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. विंगटिप, लाइट, पेंट आणि मेकॅनिकने आतून केलेलं इन्स्पेक्शन मिळून २,९४० डॉलर. एअरपोर्टचा खांब ४१०. लॉस ऑफ यूज सहा दिवसांचं १८० प्रमाणे १,०८०. एकूण ४,४३०, म्हणजे स्कूलच्या ५,००० च्या डिडक्टिबलच्या आत, म्हणजे स्कूलच्या विमा कंपनीला हे कळलंसुद्धा नाही, सगळं माझ्या डोक्यावर. माझा विमा नसता तर हे लोनमधून गेलं असतं, आणि एम-१ या आमच्या स्टुडंट व्हिसावर तुम्ही पार्ट टाइम काम करून भरून काढू असं म्हणूच शकत नाही.

कंपनीने विमानाचं पूर्ण दिलं, खांबाचं पूर्ण दिलं. लॉस ऑफ यूजला बुकिंगचा पुरावा मागितला. शेड्यूल काढलं तर ते विमान सहापैकी चारच दिवस बुक होतं, म्हणून ७२० दिले, उरलेले ३६० मी भरले. स्कूलचं वागणं मला आवडलं नाही, उभं राहिलेल्या विमानाचं भाडं कशाला लावता, पण सही माझीच होती. पैसे यायला सात आठवडे लागले, तोवर स्कूलने माझ्या अकाउंटमधून रक्कम आधीच वळती करून घेतलेली आणि ९ दिवस माझं उडणं बंद.

आता जे आवडलं नाही ते. एका पॅसेंजरला २५,००० म्हणजे इथल्या हॉस्पिटलच्या बिलापुढे काहीच नाही. मोठा २,५०,००० चा आकडा बघून फसू नका, आतला छोटा आकडा बघा. दुसरं, ही लायबिलिटी आहे, म्हणजे मी दुसऱ्याचं केलेलं नुकसान, माझं स्वतःचं हाड मोडलं तर यात जवळजवळ काही नाही. मला वाटलं घरून काढून आणलेली पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी आहे ना, तर बाबांनीच दाखवलं, विमानात पॅसेंजर म्हणून बसलात तरच कव्हर, उडवत असाल तर नाही. एलआयसीच्या अॅक्सिडेंट रायडरमध्ये पण तेच, इतकी वर्षं लोकांना विकताना आपल्या घरात कुणी पायलट होईल असं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्यासाठी पायलट चालेल अशी वेगळी मेडिकल पॉलिसी शोधावी लागली, ती महाग आहे.

तिसरं, ३०,००० मध्ये १७२ येत नाही, जवळपाससुद्धा येत नाही. म्हणून स्कूलकडे सबरोगेशन वेव्हर लेखी मागितलं, तुमची कंपनी स्टुडंटच्या मागे लागणार नाही असं. काउंटरवर आधी हसले, तीन मेल केल्यावर स्कूलच्या विमा ब्रोकरचं उत्तर आलं की फक्त इन्स्ट्रक्टर सोबत असताना वेव्हर आहे, सोलोला नाही. म्हणजे जिथे भीती जास्त तिथेच नाही. हे अॅडमिशनच्या आधी विचारा, नंतर कुणी विचारत नाही तुम्हाला.

माझ्यासोबत टाइम बिल्डिंग, म्हणजे लायसन्सला लागणारे तास भरणं, करणारा जळगावचा मुलगा बरेच दिवस म्हणायचा, तुझा विमा आहे ना, मग आपण दोघं कव्हर. अरे, तुझ्या वाट्याच्या टप्प्याला पीआयसी, म्हणजे जबाबदार पायलट, तू, माझ्या पॉलिसीत तुझं नाव नाही. शेवटी घेतला त्याने. आणि ही पॉलिसी भारतात चालत नाही, अमेरिका आणि आजूबाजूच्या दोन-तीन देशांपुरतीच, त्यामुळे परत जाऊन डीजीसीए कन्व्हर्जनसाठी, म्हणजे इथलं लायसन्स भारतात चालावं म्हणून, तिथल्या स्कूलमध्ये उडवताना हेच सगळे प्रश्न पहिल्यापासून.

पाचपैकी साडेतीन देईन. क्लेम दिला म्हणून तीन, अॅडजस्टरसाठी अर्धा.

पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे, कोटेशन ६० डॉलरने वाढून आलंय. प्रायव्हेट लायसन्स झालंय, आई डिसेंबरात येतेय, तिला विमानाने इथल्या सेडोना गावाला नेऊन आणायचंय, त्यामुळे पॅसेंजरची मर्यादा एक लाख करून घेतेय. काल बाबांना सांगितलं. थोडा वेळ फोनवर काहीच आवाज नाही, मग म्हणाले, "घरच्या माणसाला पण तेवढीच का? कधी कधी कमी असते. लेखी विचार." कंपनीला मेल टाकलाय. उत्तर येईपर्यंत आईचं तिकीट काढायचं नाही असं ठरलंय, आईला अजून कारण सांगितलेलं नाही.