हिरड्यांच्या सुजेवर बांगडा, पेरू आणि तीळतेल : आषाढ ते संक्रांत वापरून

घाईत असाल तर एवढंच वाचा. दातांवर कीटण चढलेलं असेल तर कुठलाही घरगुती उपाय ते काढत नाही, ते स्केलिंगनेच, म्हणजे दंतवैद्याने अवजाराने खरवडूनच निघतं. स्केलिंग झाल्यावर मात्र खाण्यातल्या बदलाने माझ्या हिरड्यांना जो आराम दिला, तो तेल, हळद, मीठ या सगळ्यांनी मिळून दिला नाही.

मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय सीएसएमटीहून चालत जाण्यासारखं आहे, म्हणून तिथे गेले. तिथे प्रत्येक दाताभोवती बारीक सळई घालून खोली मोजतात. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. चार आणि त्यापुढे म्हणजे हिरडी दातापासून सुटायला लागली, ज्याला आपण सरसकट पायोरिया म्हणतो. माझ्या मागच्या दाढांना चार-पाच निघाले. नुसती हिरडी सुजलेली असेल तर ती पूर्ववत होते, पण आतलं हाड झिजलं की ते आपोआप भरून येत नाही. स्केलिंगनंतर रक्त बरंच थांबलं, दाढांकडची सूज मात्र रेंगाळली. तिच्यासाठीच मी खाणं बदललं.

हे करावंसं वाटलं ते 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या एका छोट्या प्रयोगामुळे. त्यात माणसं होती अवघी पंधरा. त्यांतल्या काहींना चार आठवडे साखर-मैदा कमी आणि ओमेगा-3, क जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व, तंतू जास्त असं जेवण दिलं. दातांवरचा थर जवळपास तेवढाच राहिला, तरी हिरड्यांतून रक्त येणं साधारण निम्म्यावर आलं. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की जंतू तेवढेच असूनही शरीराने त्यांच्यावर चवताळून उठणं कमी झालं. प्रयोग लहान आहे, पण पेरू खाण्यासाठी याहून मोठा पुरावा मला नको.

मग ऑफिसमधला चारचा गोड चहा आणि त्यासोबतची बिस्किटं बंद केली. स्टेशनवरचा वडापाव महिन्यातून कधीतरी. रात्री ज्वारीची भाकरी आणि मुगाची किंवा मटकीची उसळ. श्रावणात जवसाची चटणी आणि नारळी पौर्णिमा झाली की आठवड्यातून दोनदा बांगडा. जवसातल्या ओमेगा-3 चं माशातल्या प्रकारात रूपांतर शरीर फार थोडं करतं, तेव्हा मासे खाणाऱ्यांनी बांगडाच खावा. शंभर ग्रॅम पेरूत साधारण दोनशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, म्हणजे दिवसाची गरज भागून उरते. हिरडी ज्या कोलॅजेनने घट्ट राहते ते बनायला हे लागतं. थंडीत ताजे आवळे खाल्ले. मोरावळा नाही, कारण त्यात पाकच जास्त. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा. गणपतीनंतर दाढांकडची सूज उतरल्याचं जिभेलाही जाणवू लागलं.

तीळतेलाचा गंडूष, म्हणजे तोंडात तेल धरून ठेवणं, सकाळी दहा मिनिटं केला. तोंड स्वच्छ वाटतं, वास कमी येतो, पण खोल फटीत तेल पोचत नाही. आता फक्त रविवारी करते. तेल गिळू नका आणि बेसिनमध्ये थुंकू नका, पाइप तुंबतो. लहान मुलांना किंवा ठसका लागणाऱ्या वृद्धांना तर देऊच नका. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. कोमट मिठाचं पाणी स्केलिंगनंतरच्या ठणक्यावर उत्तम. जाड मीठ आणि हळद चोळणं सोडून दिलं, कारण हिरडी सोलवटते. एका लाल दंतमंजनाने तर उघड्या पडलेल्या मुळांना कळा येऊ लागल्या, ते लगेच टाकलं. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी थोडेच दिवस दिलं होतं. ते फार दिवस वापरलं की दात तपकिरी होतात आणि चव बिघडते.

सासूबाईंसाठी हा अनुभव जास्त कळकळीने लिहितेय. त्यांना मधुमेह आहे आणि अनेक वर्षं त्या मिश्री लावत होत्या. ‘मला कुठे रक्त येतंय?’ असं त्या म्हणायच्या. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त दिसत नाही आणि आत हाड झिजत राहतं. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर. 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) सरासरी 0.4 टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. हे त्यांना नीट समजावून सांगितल्यावर मिश्री सुटली.

सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश. त्याचे मापानुसार रंग असतात. दुकानात अंदाजाने उचलू नका, कुठल्या फटीला कुठलं माप ते डॉक्टरांकडून एकदा बसवून घ्या.