जाहिरातीत ०.००५ मिमी, हातात खुळखुळा

पहिलाच हौशी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर लाकूड-धातू कोरणारं यंत्र, बांधायला निघालेल्यांना हेरून किट विकणारे काही महाभाग आहेत. मला गंडवणाऱ्याच्या जाहिरातीतले आकडे बहुतेक खरे होते, आणि खरी मेख तिथेच आहे. आकडा खरा, पण तो भलत्याच गोष्टीचा.

सगळ्यात मोठा डाव अचूकतेचा. ‘अचूकता ०.००५ मिमी’ असं ठळक अक्षरांत छापलेलं. हा आकडा येतो कुठून ते बघा. नेहमीची स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर, एका फेऱ्यात २०० स्टेप टाकते. मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरवर आठचं मायक्रोस्टेपिंग लावलं, म्हणजे प्रत्येक स्टेपचे आठ तुकडे केले, की त्याचे १,६०० होतात. अक्ष सरकवणाऱ्या स्क्रूचं लीड, म्हणजे एका फेऱ्यात नट जितका सरकतो ते अंतर, ८ मिमी. आठाला सोळाशेने भागा. झाली अचूकता! हे फक्त रिझोल्यूशन आहे, सर्वांत लहान पाऊल, कागदावरचा भागाकार. नट आणि आट्यांमधला प्ले (मोकळी जागा), रॉडचा बाक, मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा ढिलेपणा यातलं काहीही त्यात धरलेलं नसतं. मी डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र) लावून गॅन्ट्री, म्हणजे मशीनची सरकणारी आडवी कमान, एका बाजूला नेली आणि उलट फिरवली. मोटर फिरत होती, पण पहिला पाव मिलिमीटर काटा ढिम्म. म्हणजे छापलेल्या आकड्याच्या पन्नासपट. वर्तुळ कापलं की अक्ष जिथे दिशा बदलतो त्या चारही जागी खुणा उमटायच्या.

जाहिरातीच्या फोटोत बॉलस्क्रू होता, नटात छर्रे असलेला, त्यामुळे प्ले फारच कमी. खोक्यात निघाला ८ मिमी जाडीचा साधा लीडस्क्रू आणि पितळी नट. मजकुरात शब्द होता ‘प्रिसिजन स्क्रू’, त्यामुळे पकडणार कुठे? त्यात इतकं मोठं लीड उभ्या अक्षाला दिलेलं, त्यामुळे वीज बंद केली की स्पिंडल, म्हणजे कापणारं हत्यार फिरवणारी मोटर, स्वतःच्या वजनाने खाली सरकायचा.

‘नेमा २३ मोटर’ हेही असंच. नेमा हे मोटरच्या मापांचं अमेरिकी मानक. त्याचा आकडा फक्त मोटरच्या पुढच्या चौकोनी तोंडाचं माप सांगतो: सुमारे २.३ इंच, म्हणजे ५७-५८ मिमी. ताकदीबद्दल तो चकार शब्द काढत नाही. त्याच तोंडाची मोटर ४१ मिमी लांबीची असते आणि ७६ मिमीचीही, आणि दोघींच्या टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात, सुमारे तिपटीचा फरक पडू शकतो. मला कुठली आली असेल ते सांगायला नकोच.

स्पिंडलवर ‘५०० वॅट’चं स्टिकर. त्याच्यासोबतच्या पॉवर सप्लायवर मात्र ४८ व्होल्ट, ५ अँपिअर. गुणाकार २४० वॅट. सप्लायच जर २४० देतो, तर उरलेले वॅट काय हवेतून येणार? हा गुणाकार पैसे देण्याआधी करता येतो, फक्त विक्रेत्याकडून सप्लायच्या लेबलचा स्पष्ट फोटो मागायचा. तो टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबा.

‘४०० × ४००’ हे कामाचं क्षेत्र नव्हतं, ती रॉडची लांबी होती. टोकाचे ब्लॉक आणि गॅन्ट्रीच्या प्लेटची रुंदी वजा केली की प्रत्यक्ष हालचाल बरीच कमी उरते. आणि रॉड म्हणजे नुसते दोन टोकांवर टेकवलेले, खाली आधार नाही. अशा रॉडची लांबी दुप्पट केली की त्याच वजनाखाली तो आठपट वाकतो. जाहिरातीतल्या व्हिडिओत अॅल्युमिनियम कापताना दिसणाऱ्या मशीनला खालून पूर्ण आधार असलेली रेल होती. हे मी दाखवून दिलं तेव्हा उत्तर आलं, “साहेब, तो आमचा मोठा मॉडेल आहे.” मग किटच्या पानावर तो व्हिडिओ कशाला? त्यावर, “हॉबी मशीन आहे हो, एवढं चालायचंच.” शेवटी, “तुम्हाला सेटिंग जमत नसेल.” हे तिसरं वाक्य नवशिक्याला गप्प करण्यासाठीच असतं. कंट्रोलरमध्ये एका मिलिमीटरला किती स्टेप लागतात तो आकडा बदलून माप बरोबर येईल, असंही त्याने सुचवलं. त्या सेटिंगने सरसकट मोजपट्टीतली चूक सुधारते. दिशा बदलतानाचा प्ले तिने जात नाही.

पैसे सगळे आगाऊ घेतलेले. परतीची अट अशी, की एकदा जोडलेला माल परत घेणार नाही. जोडल्याशिवाय हा माल तपासणार कसा, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

मोटर आणि कंट्रोलर तेवढे ठेवून बाकीचा सांगाडा मी मोडीत काढला. रेल आणि बॉलस्क्रू दुसरीकडून घेताना आधी डायल गेज लावलेला व्हिडिओ मागितला, दोन्ही दिशांना हलवून दाखवलेला. पहिल्या दोघांनी विषय बदलला. तिसऱ्याने तो पाठवला, काटा तीन-चार शतांश मिमी मागे राहताना दिसत होता, आणि त्याच्या जाहिरातीत अचूकतेचा आकडाच दिलेला नव्हता. माल त्याच्याकडून घेतला.