रोनिन : गाड्यांना वजन असलेला हेरपट

पाठलागाचे सिनेमे मी आवडीने लावते आणि बहुतेक वेळा अर्ध्यातच माझं मन उठतं. गाडी भन्नाट वेगात काटकोनात वळते, आत बसलेल्याचा खांदासुद्धा हलत नाही, पुलावरून उडी मारून खाली आली तरी चाकाची ठेवण जराही बिघडत नाही. मी कराडात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. गाडी म्हणजे काय चीज आहे ते रोज हाताखाली असतं, त्यामुळे असलं काही दिसलं की पडद्यावरचा धोका मला धोका वाटतच नाही. ‘रोनिन’, म्हणजे धनी नसलेला जपानी सामुराई, या नावाचा सिनेमा त्याला अपवाद आहे. साल १९९८, दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर. माझ्या मते गाडी चालवणं या कामाचा इतका मान राखणारा दुसरा हेरपट मी पाहिलेला नाही.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यात फार गुंतायचं कारण नाही. शीतयुद्ध संपलंय. त्या काळात हेरगिरी आणि मारामाऱ्या करून पोट भरलेली माणसं आता पैसे देईल त्याचं काम घेतात. पॅरिसमध्ये डिअर्ड्रा नावाची एक आयरिश बाई अशा काही जणांना एकत्र आणते. एक पेटी पळवायची आहे, ती कडक बंदोबस्तात आहे, आणि रशियनही तिच्या मागावर आहेत. अमेरिकन सॅम म्हणजे रॉबर्ट डी निरो, फ्रेंच व्हिन्सेंट म्हणजे जाँ रेनो, डिअर्ड्रा म्हणजे नताशा मॅकेलहोन. पेटीत काय आहे ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही.

यावरूनच आमच्या घरात वाद झाला. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आला होता. त्याचं म्हणणं, “मावशी, दोन तास ज्याच्यासाठी माणसं मरतात ती वस्तू दाखवत नाहीत म्हणजे काय? ही फसवणूक आहे.” मला तसं वाटत नाही. या माणसांना स्वतःलाच त्यात काय आहे ते माहीत नसतं. काम घेतलंय, पैसे ठरलेत, बस्स. पेटी उघडून दाखवली असती तर आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळलं असतं, आणि सिनेमाचा सगळा जोर तर आपण त्यांच्याइतकंच अंधारात असण्यावर आहे. भाच्याला पटलं नाही. त्याचं मतही इथे लिहून ठेवते, कारण बऱ्याच जणांना तसंच वाटेल.

खरेपणा म्हणजे मला काय म्हणायचंय ते पहिल्या दहा मिनिटांतच दिसतं. पॅरिसमधल्या माँमार्त्र भागातल्या चढावर एक छोटा बार आहे. सॅम लगेच आत जात नाही. आधी मागच्या बाजूला जातो, तिथला दरवाजा बघून ठेवतो, पिस्तूल लपवतो, आणि मग पुढून आत येतो. नंतर डिअर्ड्रा विचारते तेव्हा तो सांगतो की बाहेर कसं पडायचं हे माहीत नसेल अशा जागी मी शिरतच नाही. बघताना मला वाटलं, हा माणूस सीटवर बसल्या बसल्या आरसे लावून घेणाऱ्यांतला आहे.

पुढे शॉन बीनचा स्पेन्स येतो. तोंडाने मोठा, सगळं येतं म्हणणारा. हल्ल्याचा बेत तो फळ्यावर काढून दाखवतो, आणि सॅम शांतपणे दाखवून देतो की यात दोन्ही बाजूंचे आपलेच लोक एकमेकांवर गोळ्या झाडतील. मग त्याला असे प्रश्न विचारतो की त्याचा आव गळून पडतो. या प्रसंगात एकही गाडी नाही, पण सबंध सिनेमात मला आवडलेल्या दोन-तीन प्रसंगांपैकी हा एक आहे. ज्याला येतं तो कमी बोलतो, हे नुसत्या बसण्या-उठण्यातून दाखवलंय. तसंच किनाऱ्यावरच्या हॉटेलातलं दृश्य. सॅम आणि डिअर्ड्रा हौशी पर्यटक जोडपं बनून फोटो काढतात आणि फोटो काढता काढता अंगरक्षक किती, कोण कुठे उभा राहतो हे टिपून घेतात. इथे कसलं जादूचं यंत्र नाही, छतातून खाली येणारी दोरी नाही. साधा कॅमेरा आणि नजर.

वहिनी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती सिनेमा बघायला बसत नाही, पण गोळी काढायचा प्रसंग आला तेव्हा चहाचा कप हातात घेऊन मध्येच थांबली. सॅमला गोळी लागलीय, तो समोर आरसा धरायला लावतो आणि शुद्धीत राहून व्हिन्सेंटला कुठे कापायचं, कसं काढायचं ते सांगतो. वहिनीने दोन गोष्टी सांगितल्या. एक, नंतर जंतुसंसर्ग झाल्याशिवाय राहणार नाही. दुसरी, दुखताना माणूस असाच हळू आवाजात आणि तुटक बोलतो, ओरडत नाही. डी निरोच्या कामाला याहून चांगली दाद मी देऊ शकत नाही.

आता गाड्या. मोठे पाठलाग दोन आहेत, एक दक्षिण फ्रान्समध्ये आणि एक पॅरिसमध्ये. दक्षिणेतला नीसच्या वरच्या डोंगरात, ला तुर्बीच्या बाजूला सुरू होतो आणि खाली जुन्या गल्ल्यांमध्ये उतरतो. यांचा ड्रायव्हर लॅरी ऑडी एस-८ चालवतो. त्या वेळची ही गाडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, ४.२ लिटरचं व्ही-८ इंजिन, चारही चाकांना ताकद. सोबत एक जुनी मर्सिडीज आहे, ४५० एसईएल ६.९. सत्तरच्या दशकातली, जवळजवळ सात लिटरचं इंजिन पोटात घेऊन फिरणारी. लॅरीचं काम करणारा स्किप सडथ बऱ्याच दृश्यांत स्वतः गाडी चालवत होता, आणि ते दिसतं. वळणाआधी ब्रेक लागतो तेव्हा गाडीचं नाक दबतं, वळणात अंग बाहेरच्या बाजूला कलतं, बाहेर पडताना मागचा भाग बसतो. एवढी जड गाडी अरुंद रस्त्यावर फेकताना जे व्हायला पाहिजे ते सगळं होतं.

आमचे आबा एसटीत ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण, कुंभार्ली घाट, पावसाळ्यात रात्रीच्या फेऱ्या. इंग्रजी सिनेमातलं त्यांना बोलणं कळत नाही आणि कळून घ्यायची गरजही वाटत नाही. या पाठलागाला मात्र ते पुढे सरकून बसले आणि म्हणाले, “ही गाडी खरी हाय बघ. वजन दिसतंय.” मी विचारलं, “आबा, बाकीच्या सिनेमात दिसत न्हाय व्हय?” तर म्हणाले, “त्यात गाडी हाय, वजन न्हाय.” माझं परीक्षण खरं तर त्यांनी दोन वाक्यांत करून टाकलं होतं.

फ्रँकनहायमरला हे जमलं त्यामागे त्याची स्वतःची वाट आहे. त्याने १९६६ मध्ये मोटार शर्यतींवर ‘ग्रां प्री’ हा सिनेमा केला होता, त्यात धावत्या गाड्यांवर कॅमेरे बसवले होते. फ्रान्समध्ये तो राहिलेला होता, भाषा येत होती. ‘रोनिन’ आला तेव्हा त्याचं वय ६८ होतं. संगणकाने गाड्या उडवायची सोय तोवर आलेली होती, पण पाठलाग त्याने खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या गाड्यांनी, खऱ्या वेगात केले. आणि एक युक्ती केली, ती कळल्यावर मला फार आनंद झाला.

फ्रान्समध्ये गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. सडथसारखा एखादा सोडला तर नटाला एवढ्या वेगात चालवायला देता येत नाही. म्हणून उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या, म्हणजे इंग्लंडच्या पद्धतीच्या गाड्या आणल्या आणि त्यांच्या डाव्या सीटसमोर एक खोटं स्टिअरिंग बसवलं. नट डावीकडे खोटं स्टिअरिंग धरून बसलेला आणि शेजारी खरा चालक गाडी हाकतोय. चालवणाऱ्यांत जाँ-पिएर जारिए हा फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला ड्रायव्हरही होता. आमच्या शिकवायच्या गाडीत शिकणारा उजवीकडे आणि मी डावीकडे, माझ्या पायाखाली जादा क्लच-ब्रेक. इथे नेमकी उलटी रचना. शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं तरी गाडी शेवटी माझ्या पायात असते, आणि समोरून अचानक ट्रक आला की त्याच्या चेहऱ्यावर काय येतं ते मला पाठ आहे. तोच चेहरा डी निरोचा झालाय. तोच नताशा मॅकेलहोनचा. जबडा आवळलेला, डोळे रस्त्याच्या पुढच्या टोकाला, मान किंचित मागे. हे सगळं अभिनय म्हणून करता येईल की नाही मला माहीत नाही, पण शंभर मैलांच्या पुढच्या वेगात, ब्रेकवर स्वतःचा पाय नसताना, ते आपोआप येतं.

पॅरिसच्या पाठलागात डिअर्ड्रा बीएमडब्ल्यू पाच सिरीज चालवते आणि मागे सॅम-व्हिन्सेंट पूजो ४०६ मध्ये. दादाचं गॅरेज आहे, त्याच्या लक्षात लगेच आलं. बीएमडब्ल्यूला मागच्या चाकांची ताकद, म्हणून वळणात तिचं बूड सुटतं. पूजोला पुढच्या चाकांची, म्हणून ती नाक ओढत वळते. दोन गाड्या दोन तऱ्हेने वागतात आणि दिग्दर्शकाने ते झाकलेलं नाही. पूजो ४०६ ही तिथली साधी घरगुती गाडी. तिने बीएमडब्ल्यूचा पिच्छा धरायचा म्हणजे चालवणाऱ्याला प्रत्येक वळणावर काहीतरी वसूल करावं लागतं, आणि ती ओढाताण आपल्या अंगात उतरते. सीन नदीचे काठ, बोगदा, आणि मग राँग साइड. समोरून येणाऱ्या गाड्यांचा लोंढा आणि हे दोघं त्यात घुसलेले. संगीत मागे पडतं, इंजिनं आणि टायर ऐकू येतात. कॅमेरा कधी बंपरच्या उंचीवर, कधी काचेतून आत. इतक्या तुकड्यांत कापूनही कोण पुढे, कोण कुठल्या लेनला, हे क्षणभरही हरवत नाही. हल्लीच्या पाठलागांत माझं डोकं दुखतं ते यासाठीच, कॅमेरा एवढा हलवतात की गाडी कुठल्या दिशेला गेली तेच कळत नाही. पाठलाग कुठे आणि कसा संपतो ते सांगत नाही.

माझी एक तक्रार मात्र खरीखुरी आहे. या सिनेमात वाटेतल्या माणसांचं काही मोल नाही. बाजारातले, गल्लीतले, राँग साइडला समोर येणारे, कितीतरी लोक सापडतात आणि कॅमेरा पुढे निघून जातो. जो सिनेमा दरवाजे मोजतो, अंगरक्षक मोजतो, बेतातली एक चूक पकडून माणसाला घरी पाठवतो, त्याने यांनाही मोजायला हवं होतं. सॅमच्या चेहऱ्यावर एकदा तरी ते यायला हवं होतं. समोरचा काय करील हे धरून चालवा, असं रोज सांगणाऱ्या बाईला हे टोचणारच. भाचा म्हणाला, “अ‍ॅक्शन सिनेमात एवढं कोण बघतं?” बाकीच्या सिनेमात मीही बघत नाही. इथे बघते, कारण बाकी सगळं इतकं खरं आहे.

शेवटचा अर्धा तासही थोडा सैल आहे. कोणी कोणाला फसवलं याच्या गाठी एकावर एक बसत जातात. सॅम आणि डिअर्ड्रामधली ओढ दोन-तीन दृश्यांत उरकलेली वाटते. व्हिन्सेंटच्या मित्राचं काम करणारा मिशेल लाँसदाल मात्र थोड्या वेळासाठी येऊन छाप सोडून जातो. शांत घर, छोट्या छोट्या पुतळ्यांवर चाललेलं त्याचं काम, आणि ते करता करता सॅमला त्याने सांगितलेली जपानच्या ४७ सामुराईंची गोष्ट. शेवटी रेडिओवर उत्तर आयर्लंडच्या शांतता कराराची बातमी लागते. खऱ्या जगात तो करार १० एप्रिल १९९८ ला झाला आणि सिनेमा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लागला. म्हणजे प्रेक्षक थिएटरात बसले तेव्हा या माणसांचा धंदा खरोखरच बसत चालला होता. तो थकवा डी निरो आणि रेनो दोघांच्या चालण्यात आहे, आणि त्यांची मैत्री मला प्रेमप्रकरणापेक्षा जास्त पटली.

बघणार असाल तर सबटायटल लावून बघा. अमेरिकन, आयरिश, फ्रेंच, रशियन असे सगळे उच्चार एकत्र येतात आणि बोलणं दबक्या आवाजातलं आहे. आवाज मात्र चांगला मोठा ठेवा, मोबाइलच्या स्पीकरवर यातली निम्मी गंमत जाईल. रक्त आणि गोळीबार बराच आहे, लहान मुलांबरोबर लावू नका. पहिला तास संथ वाटला तरी उठू नका. आणि दुसऱ्यांदा बघाल तेव्हा पॅरिसच्या बोगद्यात डिअर्ड्राच्या हातांकडे लक्ष द्या. ती वळवते आणि गाडी वळते यांच्यात कुठे कुठे निमिषभराचा फरक सापडतो. तिथे शेजारी बसलेला खरा चालक डोळ्यांसमोर येतो.