ओल्या कचऱ्याचं इलेक्ट्रिक मशीन: कामाचं आहे, पण खत होत नाही त्यात

ओट्यावर ठेवायचं ते कंपोस्ट मशीन, जाहिरातीत रात्री साली टाकतात आणि सकाळी तयार खत काढतात ना, तेच. बरेच महिने वापरतोय म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ओळखीच्यांकडची वेगळ्या कंपन्यांची मशीन पण बघितली आणि आत सगळीकडे तोच प्रकार, एक बादली, हीटर, फिरणारी पाती आणि वासासाठी कार्बनचा फिल्टर.

मेन मुद्दा आधीच सांगतो. सकाळी जे हातात येतं ते खत नाही, वाळवून दळलेला कचरा आहे. किचनच्या ओल्या कचऱ्यात ७०-८० टक्के तर पाणीच असतं, ते उडालं की बादलीभर सालींची दोन मुठी भुकटी होणारच, त्यात टेक्नॉलॉजी कसली. खत करतात ते जिवाणू आणि बुरशी, त्यांना हवा पाहिजे, ओल पाहिजे आणि मुख्य म्हणजे काही आठवडे पाहिजेत. नीट लावलेला मोठा ढीग आतून आपलाआप ५५-६० डिग्रीपर्यंत तापतो. इथे उलटं, बाहेरून तापवून सगळं कोरडंठाक करून टाकायचं, मग कुजणार काय?

पटत नसेल तर चमचाभर भुकटी वाटीत घ्या, पाणी शिंपडा आणि झाकून ठेवा. थोड्या वेळात ती फुगते, सालींचा वास जसाच्या तसा परत येतो आणि एक-दोन दिवसांत वर पांढरी कापसासारखी बुरशी धरते. मुरलेल्या खताचं असं काही होत नाही, त्याला नुसता मातीचा वास येतो.

त्यामुळे ही भुकटी डायरेक्ट कुंडीत घालू नका प्लीज. ती मातीत कुजायला लागली की जिवाणू नायट्रोजन मातीतूनच ओढून घेतात, झाड पिवळं पडतं, वरून चिलटं होतात ती वेगळीच. शिजवलेलं उरलंसुरलं टाकत असाल तर मीठ पण त्या भुकटीतच राहतं. साधारण १ भाग भुकटी आणि १० भाग माती असं कालवून, ओलसर ठेवून महिनाभर विसरून जायचं, मग वापरायचं. आणि मातीच नसेल घरात आणि भुकटी शेवटी डस्टबिनमध्येच जाणार असेल तर डंपिंगवर ती परत भिजणार, हवेशिवाय कुजणार आणि मिथेन व्हायचा तो होणारच. वजन कमी झालं एवढंच समाधान.

आता चांगलं पण सांगतो, नाहीतर वाटेल नुसतं नावं ठेवायला बसलोय. वास अजिबात नाही, झाकण बंद असलं की माशा नाहीत, सिंकखाली गळणारी पिशवी हा प्रकार बंद. आणि मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो सुक्या कचऱ्यात. ओलं वेगळं जायला लागलं की पुठ्ठे, कागद, बाटल्या, डबे सगळं कोरडं राहतं. पुठ्ठ्याला एकदा तेल लागलं की रिसायकलिंगला तो गेलाच, कारण लगदा करताना तंतूतलं तेल निघत नाही. एका उष्ट्या डब्याने बाकीची चांगली रद्दी खराब होते हो. हे काम साध्या वेगळ्या डब्याने पण होतं म्हणा, पण घरातले सगळे तो डबा नेमाने वापरतीलच असं नाही, मशीनमध्ये मात्र बरोबर टाकतात, का कोण जाणे.

खर्च: एका सायकलला साधारण १ युनिट वीज, म्हणून बादली भरल्याशिवाय चालवत नाही. फिल्टर काही महिन्यांनी बदलावा लागतो, आणि तो उशिरा बदलला तर अख्ख्या घराला कळतं. आवाज तसा कमी, कडक बी किंवा जाड देठ आलं की मात्र कराकरा सुरू. चिकट पिठूळ काही टाकलं की पात्यांना असं घट्ट बसतं की बादली रात्रभर भिजवून ठेवावी लागते.

एक क्लेम तर सोडूनच द्या, 'कंपोस्टेबल पिशव्या पण चालतात' हा. त्या पिशव्यांत बऱ्याचदा पीएलए नावाचं जे प्लास्टिक असतं त्याला कुजायला मोठ्या प्लांटमध्ये ५५-६० डिग्रीला ओलाव्यात कित्येक आठवडे लागतात, इथल्या काही तासांत फक्त त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते भुकटीत स्पष्ट दिसतात.

बाल्कनी किंवा गच्ची असेल तर माझ्या मते मशीन घेऊच नका. भोकं असलेले एकावर एक तीन डबे घ्या, ओला कचरा टाकला की वर वाळका पाला किंवा भुसा, थोडं खताचं विरजण (कुजवणारे जिवाणू असलेलं), मधूनमधून हलवणं, दोन-तीन महिन्यांत खरं खत, वीज शून्य. वास आला की समजायचं पाला कमी पडला. जागाच नाही, चिलटांवरून घरात रोज वाद, पण कुंड्या किंवा सोसायटीची बाग आहे, त्यांनी मशीन घ्यायला हरकत नाही. ५ पैकी ३ स्टार. घेण्याआधी फिल्टर सुटा मिळतो का आणि केवढ्याला पडतो ते विचारा, मशीनवरच्या डिस्काउंटचं नंतर बघा.